सातांपैकी कोण

“नाव सांग, भगिनी,” चौकशी चालवणारा एल्कानाह स्टब्ज म्हणाला. “नाव सांग, चुकले म्हण, की विषय संपला.”

मेहिटेबल रोवे सकाळपासून उभीच होती. तिला बसायला सांगावं, हे प्रार्थनाघरातल्या एकाही पुरुषाला सुचलं नव्हतं. त्यांतल्या बहुतेकांची मुलं याच सुईणीच्या हातून जन्मली होती. विलायतेत धर्मावरून छळ झाला म्हणून आम्ही समुद्र ओलांडून या वसाहतीत आलो, आणि इथे छळायला आम्हाला आमचीच म्हातारी सापडली.

त्या शरदात तापाने गावातली सात तान्ही बाळं गेली. त्यांतल्या एका आईला मेहिटेबल म्हणाली, तुझं बाळ देवाजवळ आहे, मला ठाऊक आहे. गुन्हा तो एवढाच. कोण तरला आणि कोण बुडाला, हे देवाने आधीच ठरवलेलं असतं आणि माणसाला ते कळत नाही, अशी आमची शिकवण. तान्ह्या बाळांनाही तिच्यातून सूट नाही. ती आई दुसरीजवळ बोलली, दुसरी तिसरीजवळ. गोष्ट स्टब्जच्या कानावर आली तेव्हा आईचं नाव वाटेत कुठेतरी गळून गेलं होतं.

“तुला कसं ठाऊक?”

“बाळ माझ्या मांडीवर गेलं. तेव्हाच कळलं.”

“रेव्हरंडांना इतकी पुस्तकं वाचून जे कळत नाही, ते तुला मांडीवर कळलं?”

लोक हसले.

“पुस्तकाला मांडी कुठे असते, एल्कानाह?”

मग कुणी हसलं नाही.

सातही आया बायकांच्या बाकांवर बसल्या होत्या. बायकांनी तिथे तोंड उघडायचं नाही, असा नियम. मेहिटेबलने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नजर एकीवर अडली असती, आणि स्टब्जला तेवढंच हवं होतं.

“नाव सांगितलं तर उद्या तिलाही इथे उभी कराल,” ती म्हणाली. “तिचं बाळ गेलंय. तेवढं पुरे आहे तिला.”

रेव्हरंड पेल्हम सकाळपासून अवाक्षर बोलले नव्हते. आता ते उठले आणि त्यांनी निकाल वाचला. मेहिटेबल चर्चच्या मंडळीतून बाद. गुरुवारच्या आत तिने गाव सोडायचं. या क्षणापासून तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिला घरात घ्यायचं नाही. नोव्हेंबर लागला होता, नदीच्या कडेला बर्फ धरू लागला होता. पासष्ट वर्षांची ही विधवा जाणार कुठे, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. त्याची लाज आजही वाटते.

ती ताठ चालत बाहेर गेली. रडली ती दफनभूमीच्या कुंपणापाशी पोचल्यावर. पलीकडे सात छोटे उंचवटे होते, माती अजून बसली नव्हती. मागून पावलं वाजली तशी तिने डोळे पुसले. रेव्हरंड पेल्हम होते, थंडीत बोडक्या डोक्याने आलेले.

“माझ्याशी बोलायची मनाई आहे,” ती म्हणाली. “आत्ता तुम्हीच वाचलीत.”

त्यांना मान वर करवेना. ते एका उंचवट्याकडे बघत राहिले.

“बाई,” ते म्हणाले, “माझ्या बायकोला जे सांगितलंत, ते मलाही सांगा.”