घरच्या लिंबांचा केक

सुचिताच्या अंगणातलं लिंबाचं झाड यंदा नुसतं लगडलं होतं. तिनं हौसेनं शेजारच्या गोजरकाकूंना पिशवीभर लिंबं नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी तीच लिंबं तिला गावाबाहेरच्या चौफुलीवर दिसली, उतारा टाकतात तशी, पिशवीसकट. दोनदा पोटातलं मूल गेलेल्या बाईनं दिलेलं लिंबू लेकराबाळांच्या घरात कोणी ठेवत नाही, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

रविवारी तिनं झाडाची ताजी लिंबं तोडली, साल किसून घेतली, रस पिळला आणि कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यात केक भाजला. वासावर काकूंची नात समीक्षा आली, आणि तिला शोधत मागून काकूही आल्या. आजी-नात दोघी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसल्या आणि अर्धा केक संपवूनच थांबल्या.

"तुह्या हाताले काय चव हाय वं," काकू बोटं चाटत म्हणाल्या. "लिंबं नांदुऱ्याहून आनले काय?"

किती दिवसांनी कोणी तिच्या हाताला बरं म्हटलं होतं. त्या आनंदात सुचिता बोलून गेली, "नाही जी काकू, आपल्याच झाडाचे हायेत."



काकूंनी नातीला ओढत मोरीवर नेलं आणि तिच्या घशात दोन बोटं घातली.