राखीव जागा

आईचं दिवसकार्य आटोपून पाहुणे गेले, तशी शाल्मलीच्या मनातली ठसठस बाहेर पडली.

"बाबा, आई तुमच्या डोळ्यांदेखत कोसळली. मी आत स्वयंपाकघरातच होते. एक हाक मारवली नाही तुम्हाला?"

पक्षाघातानं बाबांची वाचा गेली होती. मनात जुळवलेले शब्द मोठ्यानं बोलून दाखवणारं यंत्र गेल्याच महिन्यात त्यांच्या गळ्याशी बसवलं होतं, आणि त्याचा प्रोग्राम शाल्मलीनं स्वतः लिहिला होता. तपासताना बाबांनी पाढे धडाधड म्हणून दाखवले. त्यानंतर मात्र ते गप्पच राहिले. माणूस मुळातच मितभाषी, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही.

आता बाबांचे डोळे भरून आले. ते मनातल्या मनात बराच वेळ काही सांगत असावेत. एकाएकी यंत्र बोलू लागलं.

"खिडकी लाव. चहा नको. शाल्मली, धाव! आईला बघ! अगं, धाव ना! पोरी, मी हाका मारत होतो गं..."

शाल्मलीनं यंत्राचा प्रोग्राम उघडला. बोलताना शब्द तुटू नयेत म्हणून ते आधी साठवायला तिनं यंत्राच्या मेमरीत ऐसपैस जागा राखली होती. ती काठोकाठ भरल्याशिवाय यंत्र तोंडच उघडत नव्हतं. पाढ्यांनी ती भरली होती; बाबांच्या दोन-चार शब्दांनी भरत नव्हती.

तिनं ती जागा काढून टाकली.

"बोला बाबा. आता लगेच ऐकू येईल."

आवाज त्याच क्षणी आला.

"आता कुणासाठी हाक मारू, पोरी?"