बाळाचे अकरा हात

"भिंतीचे जवळून काढलेले फोटो जोडून एक मोठं चित्र करताना श्वास घेणारं काही मध्ये नको; त्याचे दोन होतात," असं नेवेनाला हे काम शिकवणाऱ्या स्तामेनकाकांनी बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. चर्चमधलं संतांचं भित्तिचित्र टिपताना बाळ नजरेआड नको, म्हणून तिने सासूबाईंना बाळासकट त्याच भिंतीशी बसवलं.

"मी नाही हलायची. तू आपली तुझ्या संतांकडे बघ," सासूबाई म्हणाल्या.

दोन तासांत तीनशे फोटो झाले. सासूबाईंचा डोळा लागलेला पाहून ती बाळाला अलगद उचलून घरी आली आणि फोटो जोडले. चित्रात बाळाला अकरा हात आले होते. तिने पाळण्यात डोकावून दोनच असल्याची खात्री केली.

सासूबाई मात्र एकच होत्या, अगदी स्पष्ट. पापणीसुद्धा दुसऱ्यांदा उमटली नव्हती. चर्चजवळ कोणी राहत असाल, तर जरा आत जाऊन त्यांना हाक मारा.