कुकरमधले फोन

फोन आपलं सगळं बोलणं ऐकतो, असं ह्यांनी कुठंसं वाचलं. तेव्हापासून दुपारी शेअरवाली मंडळी आमच्याकडे जमली की चौघांचे फोन माझ्या कुकरमध्ये जातात आणि वर झाकण लागतं. आज तर तात्यांना कानातलं यंत्रही काढायला लावलं. "तेही फोनला जोडलेलं असतं," हे म्हणाले.

मग तेल कंपनीच्या शेअरची गुप्त चर्चा सुरू झाली.

"तात्या, विकू नका, अजून घ्या."

"काय?"

"अजून घ्या," हे ओरडले. "मी घराच्या रंगाचे पैसे घातलेत त्यात."

"वहिनींना माहितीये?" तात्यांनीही आवाज चढवला.

"हळू बोला हो. कळलं तर घरात घेणार नाही ती." ते बोलणं गच्चीपर्यंत ऐकू गेलं असेल.

स्वयंपाकघरात मी गॅस बंद केला, हात पुसले आणि माझा फोन उघडला. तो कुणी मागितलाच नव्हता. माझ्याकडचे त्याच कंपनीचे शेअर मी चांगल्या फायद्यात विकून टाकले. या चौघांचं एकमत झालं की मी नेहमी उलटंच करते.

घराला यंदा रंग लागेल. ह्यांना काही बोलले नाही. आमच्याकडे खासगीपणा फार जपतात.