उद्यामिस्त्री

फरशीवाल्या मिस्त्रीला सगळे 'उद्यामिस्त्री' म्हणत. कधीही फोन करा, "उद्या नक्की येतो" हे उत्तर ठरलेलं. शिव्या खाणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

एका भावाबहिणीची एकटी राहणारी आई बाथरूममध्ये घसरून पडली. आता तिला एकटं ठेवायचं नाही, यावर दोघांचं चटकन एकमत झालं, आणि त्याच आठवड्यात भावाने आपलं बाथरूम फोडायला काढलं, बहिणीने स्वयंपाकघर.

"आई माझ्याकडेच राहणार. पण या धुळीत कुठे आणू तिला?"

"दादा, मी तर उद्याच नेली असती रे. पण माझा गॅस सध्या बाल्कनीत आहे."

दोघांनाही मिस्त्रीचा नंबर आईनेच दिला होता.

भावाने मिस्त्रीला बाजूला घेतलं. "घाई करू नका हं. सावकाश होऊ दे." तासाभरात बहिणीचा फोन आला. "आधी दादाचं उरका. माझी काही तक्रार नाही." मिस्त्रीला गहिवरून आलं. इतकी समजूतदार गिऱ्हाइकं त्याने जन्मात पाहिली नव्हती.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"दोन्हीकडे वर्षभर तरी उद्या-उद्या करत राहा रे बाबा. एकाचं जरी काम संपलं, तर मला माझं घर सोडावं लागेल. आणि हो, माझ्या बाथरूममध्ये धरायला एक दांडा बसवायचाय.

 

त्याला मात्र आजच ये."