गाडी घासायला हवी

"घासत नाही, हीच तक्रार आहे," तो म्हणाला.

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. सेडानवाला जो येतो तो एकच रडगाणं गातो, की गतिरोधकावर पोट घासतं, काहीही करून गाडी उचला. या गृहस्थाचं सगळं उलटंच. पण चेहरा असा उतरलेला, की थट्टा करायचीही सोय नव्हती.

"आमच्या फाटकातल्या उंचवट्यावर रोज घासायची. आता अलगद जाते."

"पूर्वी गाडीत कोण असायचं?"

"बायको. दोन मुली."

"आणि आता?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आई तळमजल्यावर, हे वरच्या मजल्यावर. आईला दिसत नाही. सासू-सुनेचं बोलणं कधीचंच बंद, मुलींनाही खाली जायची बंदी. म्हातारी संध्याकाळी खिडकीत बसायची. गाडी घासली की "आले सगळे" म्हणायची आणि मगच जेवायची. आता बायको मुलींना घेऊन कायमची निघून गेली होती.

"आईला सांगितलंय, त्या माहेरी गेल्यात, आज येतील. आपल्यामुळे संसार मोडला हे कळलं तर ती हाय खाईल हो. तशीही धड जेवत नाहीये."

मेकॅनिकला वाईट वाटलं. असलं काम त्याने कधी केलं नव्हतं.

"गाडीत बिघाड काही नाही," तो म्हणाला. "ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे पोट आणि रस्ता यांच्यातलं अंतर. गाडी रिकामी असली की ते जास्त असतं. माणसं बसली की स्प्रिंगा दबतात, पोट खाली येतं. डिकीत वाळूच्या गोण्या टाकू."

गोण्या टाकल्या. पोटाखालचं ऑइलचं चेंबर घासून फुटलं तर बघायला मेकॅनिक स्वतः दुचाकीवरून मागोमाग गेला.

फाटकात गाडी खर्रकन घासली. गृहस्थाने चारही दारं उघडून धाडधाड लावली.

"आले का रे सगळे?" खिडकीतून आवाज आला.

"हो आई, सगळे!" असं ओरडून तो पाय आपटत जिना चढला.

मेकॅनिकने वाकून गाडीखाली पाहिलं. गळती नव्हती. तो निघणार तोच खिडकीतून हळू हाक आली.

"ऑइलचा वास येतोय. गॅरेजवाले का?"

"हो, आजी."

वरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत म्हातारी कान देऊन थांबली.

"त्याला काही बोलू नका," ती म्हणाली. "पण गाडीतलं वजन जरा कमी करा, आज जास्तच घासली. धाकटी एवढी जड नव्हती."