मागचा बंपर

गॅरेजात गाडीचा मागचा बंपर काही केल्या निघेना. मिस्त्रीने बोल्टांना तेल पाजलं, आच दिली, शेवटी दोन शिव्याही हासडल्या, तेव्हा कुठे तो जागचा हलला. एका बाजूने मिस्त्रीने धरला, दुसऱ्या बाजूने गाडी घेऊन आलेल्या मुलाने. टोकं कापायला मोकळी राहावीत म्हणून दोन लाकडी ठोकळे मधोमध जवळ सरकवून दोघांनी तो त्यांवर आडवा ठेवला.

"पत्रा आहे की रूळ?" मुलगा कंबर चोळत म्हणाला.

"जुनं काम आहे. हल्ली असा देतंय कोण? बंपर कसला, ओटाच म्हणा."

मुलाला तो ओटाच नको होता. बंपर आखूड करायचा, ब्रॅकेट कापून आत घ्यायचा, पार गाडीच्या अंगाला चिकटवायचा. तसं केलं की जुनी गाडी कशी ताठ, तरणीबांड दिसते. आई गेल्यापासून बाबांनी गाडीवरचं कापड काढलं नव्हतं. बाहेर पडणं नाही, कुणाशी धड बोलणं नाही. गाडी नटली तर निदान किल्ली हातात घेतील, चार ठिकाणी हिंडतील, एवढीच बिचाऱ्या मुलाची आस. म्हणून दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर त्याने गाडी गुपचूप इथे आणली होती. आपल्याच माणसासाठी करायचं, त्यात विचारायचं काय?

मिस्त्री फडक्याने बंपर पुसत होता. पुसता पुसता थांबला.

"हे बघा. चकाकी सगळीकडे शाबूत आहे, फक्त या दोन जागी उडालीय. इकडे आणि तिकडे. आणि मध्ये हा गोल डाग. ठोकर नाही, गंज नाही. कशानं झालं असेल?"

"असेल कशाने तरी. नवं क्रोम चढवायचंच आहे."

मिस्त्रीने दोन्ही टोकांना खडूने रेघा मारल्या आणि पत्रा कापायचा ग्राइंडर हातात घेतला. एवढ्यात दारात सावली पडली. बाबा उभे होते. घरातल्याच चपला, शर्टाची गुंडी भलत्याच काजात. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच उंबरा ओलांडला होता, तोही पायी.

"बाबा, तुम्ही? कशाला तंगडतोड केलीत एवढी?"

"खिडकीतून पाहिलं. गाडी नाही. म्हटलं, मिस्त्रीकडेच असणार." बाबांना धाप लागली होती. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते बंपरकडे बघत होते. "हा का काढला?"

मुलगा उत्साहाने सांगायला लागला. आखूड करणार, आत घेणार, वर नवी चकाकी. "मग बघाच तुम्ही. आई असताना फिरायचात, तसं परत जरा फिरायला लागा."

"कुठे फिरायचो?"

"म्हणजे..."

"तुझ्या आईला गाडी लागायची. कोपऱ्यापर्यंत गेलो तरी तोंडाला रुमाल. विसरलास?"

मुलगा खरंच विसरला होता. आई आणि गाडी म्हटलं की त्याला ती दोघं एकत्रच दिसत. पण आता नीट आठवून पाहिलं, तर आई गाडीत बसलेली काही केल्या दिसेना. दिसली ती गाडीच्या मागे, रोज संध्याकाळी, बाबांच्या शेजारी. तो घाईघाईत फाटकातून आत शिरायचा आणि ती म्हणायची, "ये, घोटभर चहा घे." तो कधी थांबला नव्हता.

बाबा पुढे आले. गुडघ्यावर हात टेकत, सवयीने, न बघता, ते बंपरच्या उजव्या बाजूला त्या उडालेल्या जागी बसले. ठोकळे मधोमध, वजन एकाच बाजूला; बंपर कलला आणि डावं टोक उचललं गेलं. मिस्त्रीने झटकन त्यांचा दंड धरला.

"काका, पडाल. मध्ये सरका."

"मध्ये कसा सरकू? मध्ये थर्मास असतो."

मिस्त्रीने त्या गोल डागाकडे पाहिलं. मग त्याने ग्राइंडर खाली ठेवला आणि वायर काढून टाकली.

मुलगा पलीकडे गेला. डाव्या बाजूला बसायला वाकला.

"तिथे नको," बाबा म्हणाले. रागाने नाही, हळूच.

मुलगा बसला नाही. जमिनीवर उकिडवा झाला आणि ते टोक त्याने दोन्ही हातांनी खाली दाबून धरलं. बंपर सपाट झाला. बाबांनी पाय लांब केले, समोरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"हात दुखतील तुझे," ते म्हणाले. "उजेड आहे तोवरच बसतो आम्ही."